नाक पाण्यात, शेपूट कोरडं

१

धुकं अजून विरलं नव्हतं आणि कमळतळ्यावर बोंब उठली. छातीपर्यंत रबरी बूट चढवून कमळाची मुळं काढायला चिखलात उतरलेल्या माणसांना समोर एक पांढरा डोंगर दिसला. जवळ जाऊन बघतात तर बस. आमची नवीकोरी, विजेवर चालणारी, अंगावर हिरवी पानं रंगवलेली अकरा नंबरची बस. नाक पाण्यात खुपसलेलं, शेपूट काठावर कोरडं.

मी बाओ. नानफू शहर बस कंपनीत कामगार कल्याणाचं खातं माझ्याकडे आहे. म्हणजे आजाऱ्याला फळं आणि भांडणाऱ्याला चहा. लोक मला तोंडावर बाओकाकू म्हणतात आणि पाठीमागे संशयी म्हातारी. दोन्ही खरं आहे. या कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर माझा माझ्या सावलीवरही विश्वास उरलेला नाही.

मी धावत पोचले तेव्हा काठावर ही गर्दी. दुसऱ्या दिवशी या बसचं उद्घाटन होतं. शहराचे पुढारी तिच्यात बसून सूतगिरणी टेकडीवर जाणार होते. टेकडीवर जुन्या गिरणीची वस्ती आहे, तिथल्या लोकांना शहरात यायला धूर ओकणाऱ्या खासगी मिनीबसशिवाय काही नाही. अकरा नंबर सुरू झाला असता तर त्यांची सुटका झाली असती. नाही झाला तर पालिकेच्या कपाटात दुसरा बेत तयारच होता, मोटारींसाठी लांबलचक उड्डाणपूल. ज्या वस्तीत कुणाकडे मोटार नाही, तिच्या डोक्यावरून.

"ब्रेक विसरली, दुसरं काय!" डेपोप्रमुख थानसाहेब हात झटकत होते. "पाणटाकीच्या आवारात उतार आहे हे शेंबड्या पोराला कळतं. हिला कळलं नाही."

हिला म्हणजे पांग युल्यानला. आदल्या संध्याकाळी शेवटची चाचणी फेरी करून तिनेच बस पाणटाकीच्या टर्मिनसवर लावली होती. ती गर्दीच्या कडेला उभी होती. रडत नव्हती. हात मात्र अजून चाक धरल्यासारखे पुढे होते.

"मी हातब्रेक लावला होता, काकू. मी झोपेतसुद्धा लावते. सासूबाईंना विचारा."

"विचारायला आता वरून माणूस येतोय," थानसाहेब म्हणाले. "लायसन्स तर गेलंच समज."

माणूस दुपारच्या आत आला. प्रांताच्या वाहतूक खात्याचे तपासनीस कांगसाहेब. बारीक अंगाचे, सर्दीने लाल झालेलं नाक, काखेत शेवंतीच्या चहाचा थर्मास. त्यांनी ना कुणाला नाव विचारलं, ना हुद्दा. तळ्याकडे पाहिलं, चढावरच्या पाणटाकीकडे पाहिलं, दोनदा शिंकले आणि म्हणाले,

"ब्रेक विसरला असेल तर ही बस मागच्या मागे घरंगळायला हवी होती. हिचं नाक कसं पाण्यात?"

२

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावरच आहे.

पाणटाकीच्या भिंतीला चार्जर आहे. या नव्या बसला वीज भरायचं तोंड पुढे, नाकाशी. म्हणजे रात्रभर वीज भरायची तर नाक भिंतीला लावूनच बस उभी करावी लागते. मागे उतार, उताराखाली तळं. ब्रेक नसता तर शेपूट आधी बुडलं असतं.

"तिने वीज भरायला लावलीच नव्हती," थानसाहेबांनी लगेच तोंड घातलं. "ही बघा केबल, आकड्यावर गुंडाळून ठेवलेली. कंटाळा केला. जुन्या डिझेल गाडीवाल्यांसारखं नाक बाहेर काढून उभी केली आणि घरी पळाली."

"मी केबल लावली होती," युल्यान म्हणाली.

"कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्यांचे खांब उभे होते, पण त्यांना तारा जोडायच्या राहिल्या होत्या. त्या संध्याकाळी धुकं असं होतं की आपला हात आपल्याला दिसू नये. आणि कंपनीतली झाडून सगळी माणसं, पहारेकरीसुद्धा, मिनीबसवाल्या हौशेटच्या मुलीच्या लग्नाच्या जेवणाला गेली होती. बसची किल्ली थानसाहेबांच्या खोलीत खिळ्याला, आणि थानसाहेब जेवणाच्या घाईत खोलीला कुलूप घालायचं विसरलेले. उद्या नेते येणार असताना किल्ली उघड्यावर टाकणारा हा गृहस्थ दुसऱ्यांना विसराळू म्हणतो! मी मनात त्यांच्या नावापुढे पहिली खूण केली.

कांगसाहेब बसच्या शेपटाशी उभे राहिले. तिथे आमचे इंजिनियर लुओ वेनशान होते. हा मार्ग ज्यांनी कागदावर पाच वर्षं जोपासला ते हेच. तरुण माणूस, पण त्या सकाळी चेहरा असा की घरात मयत झालं असावं.

"बॅटऱ्या इथे मागे असतात ना?" कांगसाहेबांनी विचारलं.

"हो. नशीब, पाणी तिथवर पोचलं नाही. पोचलं असतं तर सगळं विष तळ्यात उतरलं असतं."

"नशीब," कांगसाहेब म्हणाले आणि नाक पुसलं.

तेवढ्यात टर्मिनसच्या फाटकावरून पहारेकरी ओरडला. फाटकाच्या खांबाला, आतल्या बाजूने, एका खिळ्यावर लाल गोंड्याचं पदक लटकत होतं. 'जाता-येता सुखरूप' अशी सोनेरी अक्षरं. युल्यानच्या सासूने ते देवळातून आणलं होतं आणि ते बसच्या आरशाखाली असायचं, हे अख्ख्या डेपोला ठाऊक.

"मी ते कधीच काढत नाही," युल्यान पुटपुटली.

थानसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. ओरडणारा माणूस हळू बोलायला लागला की समजावं, त्याला काहीतरी सापडलं.

"साहेब, मी उगाच विसराळूपणा म्हणत होतो. कुणी आपलं पदक आधी काढून ठेवतं आणि मग बस बुडते. याला विसरणं म्हणत नाहीत."

३

संध्याकाळी मी मासा घेऊन टेकडीवर गेले. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये.

युल्यानचं घर म्हणजे गिरणीच्या जुन्या चाळीतल्या दोन खोल्या. आधी ती हौशेटची मिनीबस चालवायची. विजेच्या बसची परीक्षा पास झाली तेव्हा या चाळीने फटाके उडवले होते. आता शेजारणी दारातून डोकावत होत्या आणि बोलत नव्हत्या.

"लायसन्स गेलं तर मला पुन्हा कुणी चाकाला हात लावू देणार नाही," ती म्हणाली. "दुसरं काही मला येत नाही, काकू. यायला नकोय पण."

मला भडभडून आलं. रडू लपवायला मी माशाकडे वळले. वरची बाजू संपली होती. मी चॉपस्टिकने तो उलटवायला गेले, तशी तिने माझं मनगटच धरलं.

"उलटा नाही करायचा!"

"अगं, इथे नोकरीवर बेतलंय आणि तुला माशाचं पडलंय?"

"गाडीवाल्याच्या घरात मासा उलटा करत नाहीत. गाडी उलटते. तो शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही." तिने पाठीचा काटा अख्खा उचलून बाजूला ठेवला आणि खालची बाजू माझ्यापुढे सरकवली. "आमच्यात म्हणतात, पुढे घ्या."

सासूबाई कोपऱ्यातून बोलल्या. त्या कधीही मुद्द्यावर बोलत नाहीत असा माझा समज होता.

"बस मेली बुडली ते बरंच झालं. महिनाभर रिकामी वर-खाली नाचवत होते. आम्ही भाजीच्या पाट्या घेऊन हात केला तर एकीला चढू देतील तर शपथ!"

"आई, लुओसाहेबांचा हुकूम होता. उद्घाटनाआधी प्रवासी घ्यायचे नाहीत."

"हुकूम कसला! एवढा चढ चढून म्हातारीचे गुडघे गेले," सासूबाई म्हणाल्या आणि सूर्यफुलाच्या बियांची सालं थुंकत बसल्या.

सकाळी कांगसाहेबांना हे सगळं सांगितलं, पण मी स्वतः ते तिथेच सोडून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

४

माझा संशय तेव्हा हौशेटवर होता. का नसावा? टेकडीच्या सगळ्या मिनीबस त्यांच्या. अकरा नंबर सुरू झाला की त्यांचा धंदा बसणार.

हौशेट आपल्या गॅरेजमध्ये तेलकट हातांनी कांगसाहेबांना सिगरेट देत होते.

"बुडवली असती तर छाती ठोकून सांगितलं असतं," ते हसले. "पण साहेब, मुलीचं लग्न होतं. मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन प्यालो. माझे सगळे ड्रायव्हर शेवटी एकमेकांना खांद्यावर टाकून घरी गेले. त्यातला एकजण तरी चाक धरण्याच्या लायकीचा होता का, अर्ध्या शहराला विचारा."

"ही युल्यान तुम्हाला सोडून गेली."

"गेली. शिव्या घातल्या मी. पण हात चांगला आहे तिचा. ती ब्रेक विसरली हे मला पटत नाही."

"आणि पदक?"

हौशेटचं हसू गेलं. त्यांनी हात पुसले.

"हे बघा साहेब. मी कुणाची गाडी दरीत ढकलायला निघालो ना, तरी आधी पदक काढून ठेवीन. ते बुडवायचं नसतं. बुडवणाऱ्याला पुन्हा चाक लाभत नाही. हे काही पुस्तकातलं नाही. ज्याच्या घरात चाक आहे त्याचा हात आपोआप तिकडे जातो. दुसऱ्याला ते दिसतसुद्धा नाही, नुसता लोंबणारा गोंडा वाटतो."

बाहेर पडताना ते मागून ओरडले, "तुमच्या थानसाहेबांना विचारा! मासा यायच्या आधीच टेबलावरून गायब झाले होते. परत आले ते बूट चिखलात भिजवून!"

त्यांच्या नावापुढची खूण मला आठवली. मी म्हटलं नव्हतं!

५

थानसाहेबांना आम्ही त्यांच्या खोलीतच गाठलं. बुटांचं नाव काढताच ते आधी लाल झाले, मग पांढरे, आणि मग त्यांनी माझ्याकडे अशा काकुळतीने पाहिलं की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"भाजीच्या मळ्यातून गेलो होतो," ते कसेबसे म्हणाले. "माझी... म्हणजे आधीची बायको मळ्यापलीकडे राहते. तिला लग्नातली गोड भाताची वडी आवडते. नेऊन दिली. तिने दार उघडलं नाही. शेजारणीने घेतली."

शेजारणीने ते खरं असल्याचं सांगितलं, वर दोन शिव्याही दिल्या. मला थानसाहेबांची पहिल्यांदाच कीव आली आणि माझा संशयित हातचा गेला म्हणून रागही आला.

"साहेब, आता राहिलं कोण?" मी जिन्यात विचारलं.

कांगसाहेब थर्मासच्या झाकणात चहा ओतून थांबले.

"बघा बाओकाकू. ज्याने हे केलं त्याला अपघात दाखवायचा होता. मग सोपं होतं. केबल काढायची, ब्रेक सोडायचा, बस शेपटावर घरंगळली असती. कुणी शंकाही घेतली नसती. पण त्याने त्या अरुंद आवारात, धुक्यात, एवढी लांब बस पूर्ण वळवली आणि मग नाकावर सोडली. का? शेपटात बॅटऱ्या आहेत. बॅटऱ्या बुडाल्या असत्या तर तळं नासलं असतं, खाली माणसं मुळं काढतात. म्हणजे तो बसचं पोट ओळखतो आणि त्याला तळ्याची काळजी आहे."

"बरं."

"शिवाय तो कसलेला चालक आहे, नाहीतर बस भिंतीला घासली असती. आणि त्याने पदक काढून ठेवलं. म्हणजे चाकाच्या घरातला. हौशेटची माणसं चाकाची, पण बॅटरी कुठे असते त्यांना माहीत नाही. लुओसाहेबांना बॅटरी माहीत, पण ते तर सायकलवाले. दोन्ही गोष्टी एकाच माणसात हव्यात."

मला नाव घ्यायची भीती वाटली. कारण कंपनीत असं एकच माणूस होतं, आणि मी त्याच्याच घरी मासा घेऊन गेले होते.

"मला भूक लागलीय," कांगसाहेब म्हणाले. "कँटीनमध्ये अख्खा मासा मिळेल का? मोठा. थानसाहेब, लुओसाहेब, सगळे या जेवायला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर मेजवानी! थानसाहेब मान खाली घालून खात होते. लुओसाहेब तर चॉपस्टिकशी नुसतेच खेळत होते.

"तुम्ही मोटार नाही चालवत?" कांगसाहेबांनी त्यांना सहज विचारलं.

"कधी चाकाला हातही लावला नाही. आमचं घर मास्तरांचं. शहरं सायकलीची आणि बसचीच असावीत असं मला वाटतं." मग ते एकदम माझ्याकडे वळले. "युल्यानबाईंचं काय होणार?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी तोडून विचारलं.

"वाईट वाटतं. पण निदान मार्ग रद्द झाला नाही, नुसता पुढे ढकलला. टेकडीवर हजारो माणसं आहेत, काकू."

माशाची वरची बाजू संपली. थानसाहेब म्हणाले, "उलटवा ना काकू, थंड होतोय." मी चॉपस्टिक उचलल्या.

"पुढे घ्या, काकू," लुओसाहेब आपल्या वाडग्यात बघत म्हणाले आणि त्यांनीच हात लांब करून पाठीचा काटा अख्खा उचलून बाजूला ठेवला.

मी पुढे होऊन वाढून घेतलं. शिकलेला माणूस, पण जेवणात मदत करतो, एवढंच मनात आलं.

कांगसाहेबांनी चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवल्या. त्यांना शिंक आली नव्हती तरी त्यांनी नाक पुसलं.

"उद्या सकाळी डेपोतली तसलीच दुसरी बस काढा," ते म्हणाले. "आणि भरून काढा. टेकडीच्या सगळ्या आज्यांना त्यांच्या पाट्यांसकट बोलवा. बस युल्यान चालवेल."

लुओसाहेबांच्या हातातली काडी खाली पडली.

"भरून?" ते म्हणाले. "भरून कशाला?"

६

सकाळी थंडी मरणाची होती. बाजार आटोपलेल्या आज्या रिकाम्या पाट्या, भरल्या पिशव्या, तेलाचे डबे, एक जिवंत कोंबडी असं सगळं घेऊन चढल्या. बसायला जागा उरली नाही तरी चढल्या. युल्यानची सासू पुढच्या बाकावर एखाद्या पुढाऱ्यासारखी बसली. लुओसाहेब चालकाच्या मागच्या बाकावर होते, मी त्यांच्या शेजारी, आणि थानसाहेब दारात लटकत.

विजेची बस आवाज करत नाही. सपाटीवर ती अशी गेली की आज्यांच्या तोंडून 'अय्या' निघालं. मग टेकडीचा चढ लागला. अर्ध्या चढापर्यंत बस गेली. पपनसांच्या बागेपाशी तिचा वेग कमी झाला, आणखी कमी झाला, आणि ती गप्प उभी राहिली.

त्याच क्षणी फुस्स असा आवाज झाला. युल्यानने हातब्रेक लावला होता. एक कोंबडीसुद्धा जागची हलली नाही.

"दमली!" एक आजी ओरडली. "माझ्याहून म्हातारी दिसतेय ही!"

"चारा घाला तिला!" दुसरी म्हणाली आणि बसभर हशा पिकला.

हसत नव्हते ते फक्त लुओसाहेब. मी शेजारी होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तुम्हाला हे माहीत होतं," कांगसाहेब त्यांच्यापुढे दांडा धरून उभे राहिले. "रिकामी चढते. भरली की चढावर मोटरला धाप लागते. म्हणून महिनाभर एकालाही चढू दिलं नाहीत. उद्घाटनाला नेते आणि गर्दी घेऊन बस इथेच थांबली असती."

"ते... मोटर बदलून होण्यासारखं आहे. फक्त वेळ हवा."

"वेळ मिळवण्यासाठी अपघात हवा. अपघाताला एक विसराळू चालक हवा."

थानसाहेब दारातून आत आले. "काय बोलताय साहेब! यांना सायकलशिवाय काही येत नाही."

"काल यांनी मासा पुढे घेतला," कांगसाहेब म्हणाले.

गाडीवाल्यांच्या घरच्या होत्या त्या आज्यांनी एकदम लुओसाहेबांकडे पाहिलं. युल्यानने मान वळवली. माझ्या मात्र तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि मला माझ्याच श्रीमुखात द्यावीशी वाटली. संशयी म्हातारी म्हणे! तो शब्द मी दोन दिवसांत दोन ताटांवर ऐकला होता.

"मास्तरांच्या घरात मासा उलटवतात," कांगसाहेब म्हणाले. "थानसाहेबांनी तसंच म्हटलं, ते हिशेबनीसाचे चिरंजीव. तुम्ही विचार न करता 'पुढे घ्या' म्हणालात आणि काटा उचललात. लुओसाहेब, तुमच्या घरात चाक कुणाचं होतं?"

लुओसाहेब असे बोलले की गावाकडची बोली आपसूक वर आली. इतकी वर्षं ती त्यांनी कुठे दाबून ठेवली होती कोण जाणे.

"माझ्या बापाचं. ट्रक. कोरड्या नदीच्या पात्रात मांडीवर बसवून शिकवलं त्याने मला. पुढे खिंडीत ट्रक..." तो शब्द त्यांनी तेव्हाही उच्चारला नाही. "खिंडीत गेला तो. आईने मला शपथ घातली, चाकाला हात लावायचा नाही, आणि बापाचं नाव सांगायचं नाही, मास्तरांचा मुलगा म्हणून शिकायचं. हा मार्ग मी का आखला माहितीय? पुन्हा कुणाच्या पोराला..."

ते थांबले आणि आज्यांकडे पाहू लागले.

"इथे नेत्यांसमोर बस थांबली असती तर मार्ग संपला असता. पूल झाला असता. अपघात झाला तर मार्ग पुढे ढकलला जातो. या सगळ्यांसाठी मी... एका माणसाचं नुकसान धरलं. एकाच."

"एकाच," सासूबाई म्हणाल्या.

युल्यान उठली. तिने आरशाखालचं पदक सोडवलं. आदल्या दिवशीच कांगसाहेबांनी ते तिला परत दिलं होतं. ती लुओसाहेबांपुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, ती ते त्यांच्या तोंडावर मारणार. मी असते तर मारलं असतं.

"हे बुडवताना तुमचा हात अडला," ती म्हणाली. "पुठ्ठ्याचं पदक हे. ते तुम्ही काढून खिळ्याला लावलंत, सुकं ठेवलंत. बॅटरी सुकी ठेवलीत. तळं राखलंत. मग मलाच का ढकललंत, साहेब?"

लुओसाहेब असं दोन्ही हातांत तोंड धरून बसले की मला त्यांचा राग धरून ठेवणं जड जायला लागलं. तरी मी धरला. तिच्या घरच्या त्या गप्प शेजारणी मला आठवत होत्या.

"मार्ग रद्द होणार का?" त्यांनी शेवटी कांगसाहेबांना विचारलं. स्वतःचं काय होणार, हे नाही विचारलं.

"मी वरच्या लोकांना सांगेन की गाडीला चढ जड जातो. चढ जड जातो म्हणून कुणी कुणाला तळ्यात ढकलत नाही, दुसरी मोटर बसवतात. हे तुम्ही त्यांना आधीच सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"ऐकलं नसतं कुणी."

"कदाचित," कांगसाहेब म्हणाले आणि शिंकले.

आज्यांनी सभा वगैरे घेतली नाही. धट्ट्याकट्ट्या होत्या तेवढ्या जणी पाट्या बसमध्ये ठेवून भराभर खाली उतरल्या. "चला ग, हलकी होऊ दे पोरगी. वरच्या थांब्यावर भेटू." थानसाहेबही उतरले. कधी नव्हे ते एका आजीची कोंबडी काखेत धरून चालायला लागले.

लुओसाहेब उठले. मान खाली घालून तेही दाराकडे निघाले.

"तुम्ही बसा," युल्यान म्हणाली. ती परत चाकावर जाऊन बसली होती, पदक आरशाखाली अडकवत होती. मागे वळूनही तिने पाहिलं नाही.

"मला इथेच उतरू द्या."

"माझ्या गाडीतलं माणूस मी चढाच्या मध्यात सोडत नाही. शेवटच्या थांब्यावर उतरा. तिथून तुम्हाला कुठे नेतात ते त्यांचं ते बघतील."

ते बसले. बस निघाली, हळूहळू, पपनसांच्या बागेपासून गिरणीच्या धुराड्यापर्यंत. खिडकीबाहेर आज्या शेजारून चालत होत्या आणि बसला टाळ्या वाजवून हाकत होत्या. पुढच्या वसंतात दुसऱ्या मोटरच्या बस आल्या, अकरा नंबर भरून चढायला लागला, आणि पहिली फेरी युल्यानचीच होती. पण मला आठवते ती ही फेरी.

शेवटचा थांबा आला. युल्यानने बस उभी केली आणि हातब्रेक लावला. फुस्स असा आवाज झाला. तो त्या शांत बसमध्ये सगळ्यांना ऐकू आला, लुओसाहेबांनाही.